माउली, इथून नाही!

अप्रेझलचा फॉर्म तुम्ही कधी नीट वाचलाय का? म्हणजे पगारवाढीचा आकडा सोडून बाकीचा? टार्गेट, डिलिव्हरी, टीमवर्क, लीडरशिप वगैरे मंडळी रांगेने येऊन गेली की अगदी शेवटी, नाटकातल्या भालदारासारखा कोपऱ्यात उभा असलेला एक रकाना असतो. कम्युनिकेशन. बाकी कुठेच बसत नाही ते सगळं पोटात घ्यायचं, एवढंच याचं काम. मुलगा मीटिंगमध्ये गप्प बसतो? कम्युनिकेशन. मुलगी फार बोलते? कम्युनिकेशन. मेल लांबलचक लिहितो, मेल लिहीतच नाही, क्लायंटला खरं सांगितलं, क्लायंटला खरं सांगितलंच नाही... सगळ्यांवर औषध एकच, ‘नीड्स टू इम्प्रूव्ह कम्युनिकेशन’. आजीच्या बटव्यातल्या सुंठीचं आणि या वाक्याचं गोत्र एक असावं.

औषध आलं की पथ्यही आलं. एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात दोन दिवसांचं सॉफ्ट स्किल्स ट्रेनिंग. हात किती घट्ट मिळवावा, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघावं, काटा कुठल्या हातात धरावा. वाईट बातमी द्यायची असेल तर आधी एक कौतुक, मग बातमी, मग पुन्हा कौतुक. म्हणजे सँडविच! लंच मात्र चांगला असतो, खोटं कशाला बोला.

आणि सोमवारी आपण परत येतो ते आपल्या लाडक्या इनबॉक्समध्ये. इथली भाषा वेगळीच. ‘जेंटल रिमाइंडर’ म्हणजे तिसऱ्यांदा सांगतोय, आता सीसीमध्ये तुझा बॉस आहे. ‘अ‍ॅज डिस्कस्ड’ म्हणजे आपलं असं काहीही बोलणं झालं नव्हतं, पण आता रेकॉर्डवर आलं. ‘प्लीज डू द नीडफुल’ म्हणजे नक्की काय करायचं ते मलाही माहीत नाही, पण तू कर. आणि या सगळ्यांचा राजा, ‘विल ट्राय’. म्हणजे होणार नाही.

या ‘विल ट्राय’चीच आजची गोष्ट. आणि ती आपल्याला हिंजवडीहून थेट बुलढाणा जिल्ह्यात घेऊन जाणार आहे. धीर धरा.

माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, नांदुऱ्याचा. हायवेला लागून १०५ फुटी हनुमान उभा आहे ना, तेच नांदुरा. शेगावला १९८३ साली सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे शिकला, कॅम्पसमधून निवडला गेला आणि हिंजवडीला आला. बुलढाणेकर आपला जिल्हा दोन भागांत सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. घाटाखालच्या बोलीत वऱ्हाडीचा रंग गडद. हा पोरगा मुलाखतीपुरती ती बोली शर्टासारखी इन करून ठेवायचा आणि चहाच्या टपरीवर आला की बाहेर काढायचा.

त्याच्या प्रोजेक्टचा क्लायंट होता डच. जुन्या सिस्टिममधला सगळा डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचा, शुक्रवारी रात्री नवीन सिस्टिम सुरू करायची. तारीख वरून ठरून आलेली. (खालून ठरलेली तारीख तुम्ही कधी पाहिलीय का? मी तरी नाही.) त्या आठवड्याच्या सुरुवातीला यानं रंगीत तालीम म्हणून एक दशांश डेटा हलवून बघितला. त्याला एक अख्खी रात्र लागली. शुक्रवारपर्यंत हातात रात्री उरल्या होत्या चार.

संध्याकाळी टपरीवर त्यानं हे गणित आम्हाला सांगितलं. मी त्याच्या टीममध्ये नव्हते, पण टपरीवर सगळे प्रोजेक्ट एकत्र नांदतात. तो म्हणाला, “दहा रातींचं काम हाय बाप्पा, अन् राती चारच हायेत. मंग हे लोकं हो कायले म्हनून राह्यले?”

मग कटिंगचा घोट घेऊन पुढे म्हणाला, “आमच्याकडे भेंडवळले घट मांडतेत. रातभर कोन्तं धान्य कुठी हाललं, ते सकाळी पाह्यतेत तरी. इथी रातभर डेटा हालला नाही, ते कोनी पाह्यलंच नाही!”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भेंडवळ हे जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात आणि रात्रभरात काय हाललं, काय जागचं राहिलं हे बघून दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं आणि पिकांचं भाकीत जाहीर करतात. शेकडो वर्षांची परंपरा सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा त्याला विरोध आहे आणि भाकितावर माझाही विश्वास नाही. पण आपल्या प्रोजेक्ट प्लॅनवर तरी कुठे आहे?

असो. टपरीवरचं ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात आकडा आहे, कारण आहे आणि नेमका प्रश्न आहे. सॉफ्ट स्किल्सवाले दोन दिवस घसा कोरडा करून जे शिकवतात ते सगळं त्या दीड ओळीत बसलंय. ऐकायला कोण होतं? आम्ही चौघं आणि चहावाला.

दुसऱ्या दिवशी कॉलवर मॅनेजरनं विचारलं, शुक्रवारचं जमतंय ना? हा म्हणाला, “इट इज लिटल डिफिकल्ट, बट विल ट्राय.” मॅनेजरला ऐकू आलं ‘हो’. त्यानं वर कळवलं ‘ऑन ट्रॅक’. आणि तिकडच्या डच माणसानं आपल्या साहेबांना तारीख देऊन टाकली. दीड ओळीचं वाक्य तीन मजले चढेपर्यंत उलटं झालं होतं.

शुक्रवारी काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे. पहाटे तीनला सगळं मागे घ्यावं लागलं. शनिवार, रविवार गेले. एस्कलेशन झालं. आणि पुढच्या अप्रेझलला आपला तो कोपऱ्यातला भालदार पुढे आला. ‘नीड्स टू इम्प्रूव्ह कम्युनिकेशन’. त्या वर्षीची पगारवाढ या चार शब्दांत गेली. घरी बहिणीचं लग्न ठरत होतं, त्यामुळे ती गेल्याचं दुःख नुसतं मानसिक नव्हतं.

मी त्याला नंतर विचारलं, अरे, कॉलवर स्पष्ट का नाही बोललास? इंग्रजी आडवं आलं का? तो म्हणाला, “इंग्रजी येते न. सरांना नाही कसं म्हनाचं, ते येत नाही.” मराठीत येतं का, असं मी विचारलं. त्यानं जरा विचार केला. “बापाले म्हनता येते. मामाले म्हनता येते.”

मला यातला ‘सर’ फार इंटरेस्टिंग वाटला. कारण त्या कंपनीत ‘सर’ म्हणायला बंदी! पहिल्या दिवशीच सांगतात की इथे सगळे फर्स्ट नेमवर, आमची कंपनी एकदम फ्लॅट. मेलमध्ये तो पोरगाही बॉसला ‘हाय अमुक’ असंच लिहायचा. पण समोर आल्यावर जीभ वळायची नाही. तुमची वळते?

इंग्रजीचं बरंय हो. एक ‘यू’ घेतला की शिपायापासून सीईओपर्यंत सगळे त्यात मावतात. मराठी तोंड उघडण्याआधीच विचारते, बोल बाई, तू की तुम्ही? चार वर्षांनी मोठा असलेल्या, जीन्स घालून येणाऱ्या, ‘कॉल मी बाय माय नेम’ म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? ‘तू’ म्हटलं तर आगाऊपणा. नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हटलं तर नवी नवरी पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव घेतेय असं वाटतं. ‘आपण’ म्हटलं तर थेट सत्कार समारंभ.

मग आपण मराठी लोक एक नामी युक्ती करतो. माणूसच वाक्यातून काढून टाकतो! आठवून बघा. ‘जेवण झालं का?’ कुणाचं ते विचारू नका. ‘मेल बघितला का?’ ‘फाइल पाठवून होईल का आज?’ ‘ते जरा बघायला पाहिजे.’ तूही नाही, तुम्हीही नाही. मराठीच्या व्याकरणात यासाठी पुष्कळ चोरवाटा आहेत आणि त्या सगळ्या आपल्या ऑफिसांतून जातात. एकदा दिवसभर मी फक्त हेच मोजत बसले होते. माझ्या शेजारच्या दोन डेस्कांवर संध्याकाळपर्यंत कुणी कुणाला एकदाही ना ‘तू’ म्हटलं ना ‘तुम्ही’, आणि काम मात्र चालू होतं.

यात गंमत आहे, पण लफडंही आहे. ‘ते बघायला पाहिजे’ या वाक्यात कर्ताच नसेल तर बघणार कोण? कॉल संपतो, ‘करून टाकू या’ म्हणत सगळे उठतात आणि गुरुवारी कळतं की प्रत्येकाला वाटत होतं दुसरा करतोय. आपण हे ‘फॉलोअपचा अभाव’ म्हणून मिनिट्समध्ये लिहितो. मूळ कारण असं की समोरच्याला हाक कशी मारायची हे आपलं कधी ठरलंच नव्हतं.

आणि ज्याला नीट हाकच मारता येत नाही त्याला ‘नाही’ कसं म्हणणार?

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मध्यंतरी मी शेगावला गेले. खरं तर गेले होते दर्शनाला. गजानन महाराजांचं शेगाव घाटाखालीच, नांदुऱ्यापासून फार लांब नाही. गुरुवार होता, म्हणजे गर्दी विचारू नका. रांगेत उभी असताना बाजूच्या एका दारापाशी एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे दोन माणसं, कानाला फोन. चालण्यावरूनच कळत होतं की या माणसाला रांगेची सवय नाही. दाराशी सेवाधारी उभा होता. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, हातांवरून शेतकरी वाटणारा. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, “माउली, इथून नाही. तिकडून.”

गृहस्थांनी फोन खाली घेऊन आपण कोण ते सांगितलं. सेवाधाऱ्याचे हात जोडलेलेच. “हो माउली. तिकडून.”

आणि ते गृहस्थ तिकडून गेले! आवाज चढला नाही, शिट्टी वाजली नाही, ‘समजत नाही का तुम्हाला’ झालं नाही. एरवी मोठ्या देवस्थानांत काय काय ऐकून घ्यावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. इथे दहा सेकंदांत एका किरकोळ माणसानं एका वजनदार माणसाला ‘नाही’ म्हटलं होतं, आणि कुणाचाही अपमान झाला नव्हता.

पुढचा तासभर मी देवाकडे कमी आणि सेवाधाऱ्यांकडे जास्त बघितलं. (महाराज समजून घेतील.) चपला ठेवणारा, महाप्रसादाची ताटं उचलणारा, भक्तनिवासात खोली देणारा, झाडू मारणारा. येणारा प्रत्येक जण माउली. म्हातारी माउली, कॉलेजचा पोरगा माउली, मी माउली. आणि उलट दिशेनंही तेच. भाविक विचारतात, “माउली, प्रसादालय कुठे?”

हा शब्द वारीतला. ज्ञानेश्वर माउलींचा. वारीत चालणारे एकमेकांना माउली म्हणतात आणि एकमेकांच्या पायाही पडतात. वय, जात, हुद्दा बघत नाहीत. शेगावहून पंढरपूरला दरवर्षी पायी पालखी जाते, तेव्हा तो तिथे रुजला यात नवल नाही. मला त्यातलं व्याकरण आवडलं. ‘माउली, चला’ म्हटलं की तू-तुम्हीचा पेच सुटला! शब्द बाईचा, पण पुरुषालाही चालतो. वय कळत नाही, पद कळत नाही. मान असतो, पण तो दोन्हीकडून सारखा वाहतो. आपल्या सगळ्या फ्लॅट कंपन्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते या एका शब्दानं केलंय.

पण थांबा. नुसता शब्द हे करत नाही. त्या सेवाधाऱ्याच्या मागे एक व्यवस्था उभी आहे. हे संस्थान १९०८ साली, महाराज हयात असतानाच स्थापन झालं. महाराजांनी समाधी घेतली ती १९१० साली. गावोगावचे हजारो लोक पाळीपाळीनं येऊन बिनपगारी सेवा करतात. कित्येक दशकं या कारभाराची सूत्रं सांभाळली ती शिवशंकरभाऊ पाटील यांनी. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. सगळा मुलूख त्यांना ‘भाऊ’च म्हणायचा. संस्थानचं पाणीसुद्धा ते फुकट पीत नसत असं लोक आजही सांगतात. नियम वरच्यापासून लागू असेल तर दारातल्या माणसाच्या ‘नाही’ला वजन येतं. कल्पना करा, त्या गृहस्थांनी फोन फिरवला असता आणि पाच मिनिटांत कुणी वरिष्ठ येऊन त्यांना त्याच बाजूच्या दारानं आत घेऊन गेला असता. दुसऱ्या दिवसापासून ‘माउली’ हा शब्द नुसता गोड उरला असता, त्यातलं ‘इथून नाही’ गेलं असतं.

आपल्या ऑफिसात नेमकं हेच होतं, नाही का? ज्युनिअर धीर करून ‘नाही’ म्हणतो आणि संध्याकाळी त्याच्या डोक्यावरून तारीख कबूल केली जाते. तो पुन्हा कधी ‘नाही’ म्हणेल? छे! तो ‘विल ट्राय’ शिकेल.

आता हे वाचून एखाद्या उत्साही एचआरला कल्पना सुचायच्या आत सांगून टाकते. कृपा करून ऑफिसात ‘माउली’ सुरू करू नका! उद्या कॉफी मशीनवर ‘बी अ माउली’ असं पोस्टर लागेल, शुक्रवारी एथनिक डे होईल आणि फोटो लिंक्डइनवर जातील. शिवाय एक साधा फरक आहे. त्या सेवाधाऱ्याला अप्रेझल नाही. त्याचं पोट त्याच्या शेतावर आहे, पाळी संपली की तो घरी जातो. आमच्या नांदुऱ्याच्या पोराचं पोट त्याच मॅनेजरच्या सहीवर होतं. भीती नसलेल्या माणसाला हात जोडून ‘नाही’ म्हणणं सोपं जातं, हे कबूल करायलाच हवं.

मग भीती असलेल्या माणसानं काय करायचं? याचं उत्तर शोधायला विमानवाल्यांकडे जावं लागतं, कारण त्यांनी त्याची किंमत फार मोठी मोजलीय. २७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांतलं टेनेरिफ विमानतळ. दाट धुकं. एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट, एक केएलएमचं, एक पॅन अ‍ॅमचं. केएलएमचा कॅप्टन कंपनीतला बडा माणूस, इतर वैमानिकांना शिकवणारा, कंपनीच्या जाहिरातीत ज्याचा फोटो झळकायचा असा. परवानगी मिळण्याआधीच त्यानं एकदा इंजिनाचा जोर वाढवला तेव्हा सहवैमानिकानं त्याला टोकलं होतं. काही क्षणांनी तो पुन्हा निघाला. या वेळी सहवैमानिक टोकू शकला नाही. त्यानं कंट्रोल टॉवरला ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं काहीतरी मोघम सांगितलं. टॉवरनं उत्तर दिलं, “ओके.” मग किंचित थांबून, टेक-ऑफसाठी थांबा, मी बोलावतो. पण नेमक्या त्याच क्षणी पॅन अ‍ॅमवालेही रेडिओवर बोलले, दोन आवाज एकमेकांत अडकले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज आला. स्पष्ट ऐकू आलं ते फक्त ‘ओके’.

फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्यानं विचारलं, ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? ‘थांबा’ म्हणाला नाही. प्रश्न विचारला. कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. ५८३ माणसं गेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपलं ‘लिटल डिफिकल्ट, बट विल ट्राय’ ऐकू आलं. आणि बघा, ही सगळी मंडळी डच होती! तोंडावर बोलण्याबद्दल जगात प्रसिद्ध असलेले लोक. आपल्याला ट्रेनिंगमध्ये सांगतात की डच डायरेक्ट असतात, आपण भारतीय भिडस्त. मग त्या कॉकपिटमध्ये काय झालं? वरचा माणूस पुरेसा मोठा असला की डच माणूसही नांदुऱ्याचा होतो.

त्यानंतर विमानवाल्यांनी आपली भाषाच दुरुस्त केली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त खऱ्या परवानगीच्या वेळी (किंवा ती रद्द करताना) वापरायचा. सूचना मिळाली की नुसतं ‘ओके’ म्हणून भागत नाही, महत्त्वाचा भाग जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. १९७९ साली अमेरिकेत नासानं यावर कार्यशाळा घेतली, १९८१ साली युनायटेड एअरलाइन्सनं तिथे सगळ्यांच्या आधी असं सर्वंकष ट्रेनिंग सुरू केलं आणि ते हळूहळू सगळ्या जगात पसरलं. त्याचा गाभा असा की खालच्यानं शंका स्पष्ट बोलायची आणि वरच्यानं ती ऐकून घ्यायची, आणि हे दोन्ही नोकरीचाच भाग. खालच्यानं काटा कुठल्या हातात धरायचा हे त्यात कुठेही नाही.

विमान लांबचं वाटत असेल तर शेगाव स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. मुंबई-हावडा मेन लाइन आहे ही. समोरून जाणाऱ्या इंजिनात दोघं असतात, लोको पायलट आणि त्याचा सहायक. सिग्नल दिसला की त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा आणि दुसऱ्यानं तो परत म्हणायचा, असा नियमच आहे. दोघांनाही तो स्वच्छ दिसत असला तरी! ज्युनिअरनं सिनिअरला ‘लाल’ म्हणून ओरडणं हा तिथे आगाऊपणा नाही, ड्यूटी आहे. आणि नुसतं ओरडणं नाही, सहायकाच्या बाजूलाही इमर्जन्सी ब्रेक दिलेला असतो.

दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर गाडीला लाइन देतात तेव्हाही ‘हो, पाठवा’ एवढ्यावर भागत नाही. जिथे प्रायव्हेट नंबरची पद्धत आहे तिथे होकार देणारा आपल्याकडच्या गुप्त तक्त्यातला पुढचा आकडा सांगतो, ऐकणारा तो वहीत लिहितो आणि तो आकडा तक्त्यातून कटतो. म्हणजे ‘मी ऐकलं, मी समजलो, मी जबाबदार’ याची पावती. आपल्याकडे याच कामासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा अंगठा आहे. त्याचा अर्थ ‘वाचलं’, ‘मान्य’, ‘करतो’, ‘नंतर बघतो’ आणि ‘आता पुरे कर’ यांपैकी काहीही असू शकतो.

नांदुऱ्याच्या पोरानं नंतर नोकरी बदलली. नव्या कंपनीतही क्लायंट डचच निघाला, नशीब म्हणतात ते हे. पण त्यानं एक गोष्ट स्वतःपुरती सुरू केली. महत्त्वाच्या कॉलच्या आधी तो वही उघडतो आणि जे सांगायचंय ते आधी वऱ्हाडीत लिहितो. टपरीवर बोलल्यासारखं, बापाला सांगितल्यासारखं. मग त्याचं इंग्रजी करतो. करताना आकडा जसाच्या तसा ठेवायचा, कारण जसंच्या तसं ठेवायचं आणि ‘लिटल’, ‘बट’, ‘ट्राय’ हे तीन शब्द आत येऊ द्यायचे नाहीत, एवढंच पथ्य. त्याच्या नव्या मॅनेजरनं त्यात एका गोष्टीची भर घातली. कॉलच्या शेवटी तोच सगळ्यांत ज्युनिअर माणसाला विचारतो, आत्ता काय ठरलं ते तू सांग. बाकीच्यांनी गप्प बसायचं. पहिले काही दिवस म्हणे भयंकर शांतता पसरायची.

गेल्या महिन्यात त्यानं मला वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलं होतं, “नऊ रातींचं काम हाय. राती पाचच हायेत. शुक्रवारी होत नाही. तारीख बदला, नाही तं काम कमी करा.” त्याखाली त्याचं इंग्रजी, चार छोटी वाक्यं. सोबत क्लायंटचं उत्तरही होतं, अर्ध्या तासात आलेलं. ‘क्लिअर. वुई विल मूव्ह द डेट.’

आणि त्याच्याखाली कंपनीतल्या कुणा मोठ्या साहेबांचा नुसता एक अंगठा. त्याचा अर्थ काय, यावर आमची अजून चर्चा चालू आहे.